बोअर, बुणगे आणि पत्र्याचे डबे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बोअर युद्धावरच्या (दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि डच वंशाचे गोरे शेतकरी म्हणजे बोअर यांच्यात १८९९ ते १९०२ झालेलं) माझ्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. ५ जून १९०० ला बोअरांच्या ट्रान्सव्हालची राजधानी असलेलं प्रिटोरिया पडलं आणि गनिमी युद्ध सुरू झालं, एवढं सरळ लिहायचं सोडून मी घोळ घातला, हा पहिला. इंग्रजांची ब्लॉकहाउसं (रांगेने उभारलेली पहाऱ्याची छोटी ठाणी) म्हणजे पत्र्याचे डबे, त्यांना मी नको तेवढा भाव दिला, हा दुसरा. आणि इंग्रजांनी नागरिकांना कोंडलेल्या छावण्यांतल्या मृत्यूंच्या हिशेबात फक्त गोरी बायकामुलं मोजली, हा तिसरा.

तिसरा बिनशर्त मान्य. बोअर छावण्यांत सुमारे २८,००० माणसं गेली, त्यांत २२,००० च्या आसपास मुलं, एवढं लिहून मी थांबलो. कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथले नोंदलेले मृत्यूच १४,००० च्या वर आहेत, आणि त्या नोंदी अपुऱ्या आहेत. लेखात दुरुस्ती करतो.

तारखेचं मात्र पटत नाही. प्रिटोरिया पडण्याआधी अडीच महिने, १७ मार्चला, क्रूनस्टाडला बोअरांच्या बैठकीत गाड्यांचे मोठे तळ मोडायचं आणि घोडेस्वारांच्या हलक्या तुकड्यांनी लढायचं ठरलं होतं. कारण ताजं होतं. फेब्रुवारीत बोअर सेनापती क्रोन्ये माघारी निघाला तो शेकडो बैलगाड्या आणि बायकामुलं घेऊन. बैलाच्या चालीने चाललेल्या त्या तांड्याला इंग्रज जनरल जॉन फ्रेंचच्या घोडदळाने मॉडर नदीवर अडवलं आणि २७ फेब्रुवारीला पार्डेबर्गला सुमारे ४,००० जणांनी शस्त्रं खाली ठेवली. पानिपतावर बुणग्यांनी काय केलं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

बैठकीनंतर दोनच आठवड्यांनी, ३१ मार्चला, सॅनाज पोस्टला नवी पद्धत दिसली. रस्ता जिथे ओढा ओलांडतो त्या कोरड्या पात्रात बोअर सेनानी क्रिस्तियान डी वेट साडेतीनशे-चारशे माणसं घेऊन दबा धरून बसला. इंग्रजांच्या गाड्या एकेक करून उतारावरून खाली येत गेल्या आणि प्रत्येक गाडीवानाला बंदूक रोखून गप्प बसवण्यात आलं. वरून पाहणाऱ्याला वाटावं, घाटात नेहमीची गर्दी झालीय. तोफाही तशाच खाली आल्या. सात तोफा गेल्या.

पण ठराव झाला म्हणून सवय सुटते थोडीच! जुलैत ब्रँडवॉटर खोऱ्यातून हाच डी वेट निसटला तेव्हा २,६०० माणसांमागे चारशेहून जास्त गाड्या होत्या. आणि खंदक-तोफांची शेवटची मोठी लढाई झाली बर्गेंडालला, २७ ऑगस्टला, म्हणजे प्रिटोरिया पडून पावणेतीन महिन्यांनी. सांगा, ५ जून कुठे बसवायचा?

खरा बदल दारूगोळ्याने घडवला. सप्टेंबरात इंग्रज कोमातीपोर्टला पोचले, लोरेन्सू मार्किश (आजचं मापुटो) बंदराकडे जाणारी रेल्वे हातची गेली, आणि बोअरांच्या माउझर रायफलींच्या ७ मिलिमीटर काडतुसांचा बाहेरून येणारा ओघ आटला. मग माउझर सोडून शत्रूची .३०३ ची ली-मेटफर्ड रायफल घ्यायची, कारण तिची काडतुसं शत्रूच आणून देतो. इंग्रज फौज तळ उठवून गेली की मागे राहून गवतात सांडलेल्या गोळ्या वेचायच्या. इंग्रज कैदी ठेवायला जागा नाही, म्हणून त्यांचे कपडे-बूट उतरवून घेऊन त्यांना सोडून द्यायचं आणि ते कपडे आपण घालायचे. त्यातून नवं संकट उभं राहिलं : खाकीत सापडलेल्या बोअराला गोळी घातली जाऊ लागली. इंग्रजांनी मात्र पकडलेले बोअर सेंट हेलेना, सिलोन आणि थेट आपल्या अहमदनगरपर्यंत धाडले. कारण सोडलेला बोअर दुसऱ्या दिवशी पुन्हा घोड्यावर!

आता डबे. दगडी ठाण्याला शेकडो पौंड लागत आणि बांधायला महिने. मेजर राइसच्या नमुन्यात पन्हाळी पत्र्याची दुहेरी गोल भिंत, मधल्या पोकळीत बारीक गोटे, वर छप्पर, एवढंच. खर्च १६ पौंडांच्या आसपास. आत साधारण सात माणसं. गोटे रायफलची गोळी अडवत. तोफेचा एक गोळा मात्र अख्खं ठाणं उडवू शकला असता, पण नोव्हेंबर १९०० मध्ये बोथाव्हिलला डी वेटच्या तोफा गेल्या होत्या. म्हणजे पत्रा पुरला तो बोअरांकडे तोफा उरल्या नव्हत्या म्हणून. शेवटी अशी सुमारे ८,००० ठाणी आणि जवळजवळ ६,००० किलोमीटर काटेरी तारेचं कुंपण उभं राहिलं.

डी वेट ती रांग रात्री तार कापून पुन:पुन्हा ओलांडत राहिला, हे तुमचं म्हणणं बरोबर. फेब्रुवारी १९०२ च्या हाक्यात ९,००० सैनिक ८७ किलोमीटरच्या रेषेत उभे केले होते, दर दहा-अकरा मीटरला एक, तरी तो निसटला. पण तारेतून पार होतो तो घोडेस्वार. गुरांचा कळप, धान्याची गाडी, थकलेला घोडा मागेच राहतो. शेतघरं जाळलेली, धान्य संपलेलं, आणि हिवाळ्यात उंच माळावरचं गवत वाळून जातं. बोअर तट्टू फक्त गवतावर जगायचं, हीच त्याची सगळी मिजास; गवतच नसेल तर तेही बसतं. (इंग्रजांचे घोडे जहाजातून उतरले की लगेच कामाला जुंपत, ते तर लाखांनी मेले.)

म्हणून मे १९०२ मध्ये तह करायचा की नाही हे ठरवायला फेरीनिखिंगला जमलेले ६० बोअर प्रतिनिधी ब्लॉकहाउसांवर फारसे बोललेच नाहीत. ते आपापल्या जिल्ह्यात धान्य किती, बायकामुलं कुठे, घोडे किती, हे सांगत होते. बोअर सेनापती बोथाने ट्रान्सव्हालचा हिशेब मांडला : लढणारे सुमारे १०,८००, त्यातले ३,३०० जवळपास बिनघोड्याचे. ३१ मे ला मतदान झालं : तह मान्य करायच्या बाजूने ५४, विरुद्ध ६.