किल्ली हातात होती, नाव सांगेपर्यंत

बहिणीचे नीटचे क्लास सोमवारपासून आहेत. चार दिवस लातुरात खोली शोधतोय. काल एक मिळाली. मालकांनी स्वतः वर नेऊन दाखवली. नळाला पाणी कधी येतं, मोटार कधी लावायची, सगळं सांगितलं. डिपॉझिट ठरलं, किल्ली माझ्या हातात दिली. मग वहीत लिहायला नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. "गावात घर कोणत्या बाजूला?" तेही सांगितलं. लगेच किल्ली परत मागितली. "खोली पाव्हण्यांसाठी ठेवायचीय, ध्यानातच नव्हतं."

बहीण शेजारीच उभी होती. जिना उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. सतरा वर्षांचं लेकरू आहे ते!

खाली येऊन मित्राला फोन करायला लावला, पाटील आडनाव सांगून. खोली रिकामीच. "कधी येता?" म्हणाले.

अमेरिकेत घर भाड्यानं देताना वंश, वर्ण पाहायचा नाही, असा कायदा 1968 लाच झाला. तिथं एकाच घरासाठी आधी काळा, मग गोरा माणूस पाठवून मालकाचं खोटं पकडतात आणि ते कोर्टात चालतं. आपल्याकडं खास भाड्याच्या घरासाठी असा कायदा नाही. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा करार लेखी करा, त्याची नोंदणी करा म्हणतो. जातीवरून खोली नाकारू नका, असं म्हणत नाही.

पण हात अगदीच रिकामे नाहीत, आणि म्हणूनच डोकं जास्त फिरतं. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम 4 आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही वस्तीत राहण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. कलम 12 तर म्हणतं, अडवलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर कोर्टानं ते अस्पृश्यतेपोटीच केलं असं धरून चालायचं. तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना पोलीस ठाण्यात मला ऐकवलं, "घर त्यांचं, मर्जी त्यांची." तक्रार लिहूनही घेतली नाही. आणि शिक्षा किती? एक ते सहा महिने कैद आणि दंड 100 ते 500 रुपये. पाचशे रुपयांत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर तरी येतो का इथं?

अॅट्रॉसिटीतलं अपमानाचं कलम लावायचं तर अपमान चारचौघांत व्हावा लागतो. हे लोक गोड बोलून, हळू आवाजात, जिन्यातच नाही म्हणतात.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला 1978 ते 1994 अशी सोळा वर्षं गेली. माझे वडील त्या नामांतराच्या मोर्चांत चालले. त्यांच्या लेकीला 10 बाय 10 ची खोली मिळत नाही!

मी सोडणार नाही. तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवतोय, मित्राच्या कॉलची वेळ लिहून. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अनुसूचित जातीच्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. उद्या सकाळी तिथं जातोय.

आज पुन्हा त्या गल्लीतून गेलो. 'रूम भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकतेय.