तीन चमचे रक्त

डर्बनजवळच्या एका वस्तीतल्या सभागृहात दर दोन महिन्यांनी बैठक भरते. एचआयव्हीला अटकाव करणाऱ्या औषधांच्या चाचण्या तिथे होतात, आणि त्यांवर वस्तीच्या वतीने नजर ठेवणारी ही समिती. मी प्रयोगशाळेतला माणूस, मागच्या खुर्चीवर बसतो. एकदा संमतिपत्र वाचून दाखवणं चाललं होतं. 'प्रत्येक भेटीत 15 मिली रक्त घेतलं जाईल' या ओळीला एका गोगोने हात वर केला. (इथे आजीला गोगो म्हणतात.) 15 मिली म्हणजे किती? संशोधक बाई समजावू लागल्या. गोगोने चहाच्या टेबलावरचा चमचा उचलून त्यांच्या हातात दिला. "यात दाखव." कपात तीन चमचे पाणी पडलं. "मग तसंच लिही की!" आमचं रक्त नेऊन विकतात, अशी कुजबुज वस्तीत कित्येक दिवस होती. संशोधकांच्या कानावर ती तोवर आलीच नव्हती.

गेल्या गणपतीत लालबागला घरी होतो, तेव्हा हीच गोष्ट सांगितली. विषय निघाला होता लेनाकॅपाविरचा, म्हणजे एचआयव्ही रोखण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या 2134 मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. 2024 साली हा निकाल आला. स्वस्तात बनवायचा परवाना ज्या सहा कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एमक्युअरही आहे. चुलतभाऊ म्हणाला, "औषध येऊ दे, पण चाचण्या नकोत. आपण काय पिंजऱ्यातले उंदीर?" त्याचा डॉक्टर मित्र म्हणाला, "वस्तीतल्या बायकांना यातलं काय कळणार? समजावून सही घ्यायची नि काम सुरू करायचं." तासभर दोघे भांडले, मोदक गार झाले. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं: कामाठीपुऱ्यातल्या बाईला विचारायची गरज नाही. एक तिच्या वतीने नाही म्हणत होता, दुसरा हो.

मुंबईत हे जुनंच आहे. 1897 च्या जानेवारीत हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. ते स्वखुशीने पुढे आले, असं लिहून ठेवलंय. तुरुंगातली स्वखुशी कशी असते ते मला ठाऊक नाही. तिथून कामाठीपुरा चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आज कायदा बराच पुढे आलाय. 2019 च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातल्या व्यक्तीची संमती कॅमेऱ्यासमोर नोंदवावी लागते; एचआयव्हीच्या औषधांसाठी फक्त आवाज नोंदवला तरी चालतो. हेतू चांगलाच आहे. पण जिने गावाकडे घरकाम करते असं सांगितलंय, तिच्यासमोर एचआयव्हीचं नाव घेऊन रेकॉर्डर लावणं म्हणजे काय, हे नियम लिहिण्याआधी तिला कुणी विचारलं असेल?

इथलं, म्हणजे आफ्रिकेतलं, सगळं आदर्श आहे असं म्हणायची माझी छाती नाही. व्हॉइस नावाच्या चाचणीत तीन आफ्रिकी देशांतल्या 5000 हून अधिक बायका होत्या. गोळ्या आणि जेल नेमाने वापरतो, असं बहुतेकींनी सांगितलं. रक्त तपासलं तर एक तृतीयांश नमुन्यांतही औषध नव्हतं. घरात ती गोळी दिसली की लोक रोगीच समजणार, ही भीती त्यामागच्या कारणांत होती. बैठका तेव्हाही व्हायच्या, पण बाईने खरं सांगितलं तर तिला ओरडा बसेल असं वातावरण असेल, तर बैठकीतला चहा-बिस्किटांचा खर्च फुकटच. आणि 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा काही चाचण्या एका रात्रीत थांबल्या. एका चाचणीत योनीत बसवायची औषधाची रिंग अजून बायकांच्या अंगात होती. त्या निर्णयापुढे कुठल्याच गोगोचा चमचा चालला नाही.

तरी मी या समितीच्या बाजूचा आहे, कारण तिथे 'का' विचारायची सवय लागते, आणि तीही औषध हातात पडण्याआधी. आपल्याकडे लोकसहभाग म्हटलं की चाचणी ठरल्यावर पथनाट्य आणि पत्रकं.

त्या दिवशी भांडण चाललं असताना मावशी आत भांडी लावत होती. महापालिकेच्या दवाखान्यात तिने नागपाड्याच्या बाजूला परिचारिका म्हणून 22 वर्षं काढली. हात पुसत बाहेर आली, म्हणाली, "तुमची ती चाचणी झालीच तर दवाखाना किती वाजता उघडणार?" नऊ ते एक, डॉक्टर मित्र म्हणाला.

"मग कोणी येणार नाही. त्या वेळी त्या झोपलेल्या असतात. तीननंतर ठेवा म्हणावं."