व्हूडूचं भाषांतर 'करणी' करू नका

मराठीत 'व्हूडू' शब्द आला की पाठोपाठ करणी, मूठ, काळी जादू आणि टाचण्या टोचलेली बाहुली हजर होते. बातम्या, सबटायटल्स, अनुवादित कादंबऱ्या, सगळीकडे हेच. लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती: हे थांबवा. हा कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशातल्या लाखो लोकांचा धर्म आहे, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर तिथे पोचलेला. ४ एप्रिल २००३ रोजी तिथल्या सरकारने त्याला अधिकृत मान्यताही दिली आहे. त्या धर्माचे शब्द उकलून पाहिले की 'करणी' किती चुकीचं आहे ते लगेच कळतं.

मूळ शब्द 'वोदुन'. पश्चिम आफ्रिकेतल्या आजच्या बेनिनमध्ये बोलल्या जाणाऱ्या फॉन भाषेत त्याचा अर्थ देवता, अदृश्य शक्ती. त्याच भागातल्या आलादा राज्याच्या भाषेत १६५८ साली एक ख्रिस्ती धर्मपुस्तिका तयार झाली. तिच्यात 'वोदू' हा शब्द देवासाठी आलाय! ज्या शब्दाला मिशनऱ्यांच्या पुस्तिकेत देवाचा मान होता, त्याला आपण करणी म्हणतो.

हैतीतली भक्त मंडळी मात्र पूर्वापार 'आम्ही व्हूडू पाळतो' असं म्हणत नाहीत. ती 'सेव्ही लोआ' म्हणतात, म्हणजे लोआंची सेवा करणं. (हा 'सेव्ही' फ्रेंच 'सेर्व्हिर'वरून आलाय. आपल्या 'सेवे'शी त्याचं नातं नाही, अर्थ जुळतो एवढंच.) लोआ म्हणजे दैवतं. फ्रेंचमध्ये कायद्याला असाच उच्चार असलेला शब्द आहे, म्हणून 'लोआ म्हणजे नियम' असं बिनधास्त लिहिलं जातं. अभ्यासकांचा कल पश्चिम आफ्रिकेतल्याच योरुबा भाषेतल्या 'ओलुवा'कडे, म्हणजे धनी, प्रभू या अर्थाकडे आहे.

इथेच बहुतेकांची गफलत होते. हैतीची क्रेयोल भाषा बरीचशी फ्रेंच शब्दांवर उभी आहे, म्हणून प्रत्येक शब्द फ्रेंच कोशात शोधला जातो. काही खरोखर सापडतात: 'बोंद्ये' म्हणजे 'बों द्य', चांगला देव, हा सर्वांच्या वरचा एकच परमेश्वर. 'पोतो मितां' म्हणजे मंदिराचा मधला खांब. घर तोलून धरणाऱ्या बाईलाही हैतीत हाच शब्द लावतात. पण विधीच्या गाभ्यातले शब्द तिथे मिळत नाहीत. त्यासाठी आधी शब्द कुठल्या 'नासयों'मधला, म्हणजे कुठल्या घराण्यातला, ते बघायचं. 'रादा' हे घराणं आलादा राज्याच्या नावावरून आलं, तिथले शब्द फॉनकडे बघून तपासायचे. 'नागो' म्हणजे योरुबा लोक. लोखंडाचा लोआ ओगू हा त्यांचाच ओगुन. 'कोंगो' घराण्यातले शब्द किकोंगो भाषेत शोधायचे.

फॉनमधला 'हुन' हा एकच शब्द घ्या. अर्थ पुन्हा दैवत. त्याला 'गान', म्हणजे प्रमुख, जोडला की झाला 'हुनगान', हैतीतला 'उनगान', पुजारी. 'सी', म्हणजे बायको, जोडली की 'उन्सी': दीक्षा घेतलेली व्यक्ती, दैवताशी लग्न लागलेली. उन्सी पुरुषही असू शकतो. आपल्याकडे खंडोबाच्या मुरळीचं लग्न देवाशी लागतं, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. उनगानच्या हातात 'आसों' असतो: वाळवलेला भोपळा, बाहेरून मण्यांची जाळी आणि त्या जाळीत ओवलेले सापाच्या पाठीचे मणके. नावासकट तो फॉन लोकांकडूनच आला.

शब्द समुद्र ओलांडताना घसरतातही. बेनिनमध्ये 'बोकोनो' म्हणजे फा पद्धतीने कौल लावणारा मानाचा माणूस. हैतीत त्याचा 'बोको' झाला: दोन्ही हातांनी काम करणारा, म्हणजे बरं आणि वाईट दोन्ही. करणीच्या जवळ काही असेल तर ते यातलं अर्धं काम, अख्खा धर्म नव्हे.

आता 'झोम्बी'. मराठीत झोंबी म्हणजे कुस्ती, झटापट. तो आपला स्वतंत्र शब्द. हैतीतला 'झोंबी' मध्य आफ्रिकेतून आला. किंबुंदूत 'न्झुंबी' म्हणजे मेलेल्याचा आत्मा, किकोंगोत 'न्झांबी' म्हणजे परमेश्वर. हैतीत प्रकार दोन: आत्मा हिरावलेलं शरीर आणि शरीराविना बाटलीत कोंडलेला आत्मा. तो चावत नाही, मेंदू खात नाही. लोकांना धास्ती असते ती आपणच झोंबी होण्याची, मेल्यावरही दुसऱ्याच्या शेतात राबावं लागण्याची. उसाच्या मळ्यांत गुलामी भोगलेल्या समाजाचा हा शब्द आहे. चिमूटभर मीठ खाल्लं की झोंबी शुद्धीवर येतो, असं मानतात. हैतीच्या जुन्या दंडसंहितेचं कलम २४६ माणसाला मरणासारख्या गुंगीत टाकणारं द्रव्य देणं हा विषप्रयोग मानत असे आणि त्यानंतर त्याला पुरलं तर तो खून.

टाचणीची बाहुली मात्र या धर्माची खूणच नव्हे. माणसाची प्रतिमा करून तिला टोचण्याची प्रथा युरोपातल्या चेटकाची आहे.

मग मराठीत लिहायचं कसं? लोआ हा शब्द तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'दैवत' असा खुलासा करा. 'देव' नको, ती जागा बोंद्येची. 'वेव्हे'ला भुईवरची आकृती म्हणा. मक्याचं पीठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोडत ती काढतात, हात अगदी रांगोळीचाच, पण शोभेसाठी नाही: प्रत्येक लोआची खूण वेगळी आणि ती त्याला बोलावण्यासाठी असते. आणि अंगात येण्यासाठी क्रेयोलमध्ये म्हणतात, 'लोआ आपल्या घोड्यावर बसला'. घोडा म्हणजे भक्त, क्रेयोलमध्ये 'श्वाल'. कोकणात अंगात आलेल्या माणसाला 'झाड' म्हणतात, तशीच ही बोली. लोआ गेल्यावर घोड्याला काही आठवत नाही, म्हणून लोआ काय म्हणाला ते भोवतालचे लोक नंतर सांगतात. इथे 'अंगात आलं', 'अवसर आला', 'भार आला', काहीही चालेल. 'भुताने झपाटलं' मुळीच नको.