'220 वजा वय' ओलांडलं म्हणजे धोका?

जळगाव-धुळ्याच्या मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'पंचेचाळिशीनंतर 220 मधून वय वजा करा. ठोके त्यावर गेले की हार्ट अटॅक. इंटरव्हल बंद, नुसतं चाला.' (इंटरव्हल म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, असा आलटून-पालटून व्यायाम.) त्यामुळे चांगला व्यायाम करणारी माणसं घाबरून थांबतात, म्हणून हे उत्तर.

'ठोके त्यावर गेले की...' '220 वजा वय' हे सूत्र 1971 चं. आधीच्या अभ्यासांतल्या आकड्यांवरून काढलेली ती मिनिटाच्या कमाल ठोक्यांची ढोबळ सरासरी आहे, धोक्याची रेषा नव्हे. पन्नाशीला 170 येतात. पण कमाल ठोके 158 किंवा 183 असलेली निरोगी माणसंही त्याच वयात सापडतात. 2001 मधलं सूत्र 208 वजा वयाच्या 0.7 पट असं आहे. साठीला त्याने 160 ऐवजी 166 येतात, पण माणसामाणसातला फरक तोही मिटवत नाही. जोरात पळताना तुमचे ठोके सूत्राच्या वर गेले, तर बहुधा सूत्र तुम्हाला लागू पडत नाही एवढाच अर्थ. बसल्याजागी ठोके धावू लागले तर मात्र डॉक्टर गाठा. मेटोप्रोलॉलसारखी बीपी-हृदयाची गोळी चालू असेल तर ठोके दबलेले राहतात, तेव्हा दोन्ही सूत्रं बाजूला ठेवा.

'घड्याळात 170 दिसले' असं कुणी सांगतं, पण स्मार्टवॉचचा हा पुरावाही कच्चा. पट्टा सैल असला की घड्याळ ठोक्यांऐवजी पावलंच मोजू लागतं, आणि पळताना मिनिटाला 160-170 पावलं सहज पडतात. थांबल्याथांबल्या मनगटावर दोन बोटं ठेवून 15 सेकंद नाडी मोजा, चारने गुणा. 32 आले तर 128. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा.

'इंटरव्हल बंद' यात खरं एवढंच, की वर्षानुवर्षं बसून असलेल्याने एकदम जोर लावणं धोक्याचं. म्हणून आधी सहा-आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास झपाझप चाला. मग जळगावच्या मेहरूण तलावाच्या कडेने 10 मिनिटं सावकाश, नंतर 1 मिनिट जोरात, 2 मिनिटं हळू, असं सहा वेळा. 'जोरात' म्हणजे दोन-तीन शब्दच बोलता येतील इतपत. आठवड्यातून दोनदा पुरे. दीड-दोन महिन्यांनी 4 मिनिटं जोर, 3 मिनिटं आराम, अशा चार फेऱ्यांपर्यंत या. नुसत्या चालण्यापेक्षा दमसास याने जास्त वाढतो.

बहुतेक जण चुकतात ते पहिल्याच फेरीत. ठोके वेगाच्या मागून चढतात. घड्याळात 120 बघून माणूस आणखी पळतो आणि तिसऱ्या फेरीत बसतो. फेरी संपल्यावर जागच्या जागी थांबू नका, रक्त पायांत साचून चक्कर येते. चालत राहा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला टेकतो. उन्हात आणि घाम गेल्यावर त्याच वेगाला ठोके 10-15 ने वाढतात. सकाळी सातच्या आत उरका, आकड्यापेक्षा श्वासावर चाला.

शुगर, बीपी, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काहीही झालं, तर घड्याळात कितीही कमी दिसोत, थांबा आणि थेट दवाखाना गाठा.