शर्यत म्हटले की घोडा

माझ्यासमोर टेबलावर एक पावती आहे. मूळ रक्कम १,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८० रुपये. तपशिलाच्या रकान्यात ‘सल्ला’ एवढा एकच शब्द छापलेला आहे. हा सल्ला मी परवा शनिवारी दादरला एका सहल कंपनीच्या कार्यालयात पावणेदोन तास बसून मिळवला, आणि तो त्या कंपनीच्या कोणत्याही माणसाने मला दिलेला नाही. तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर भाजलेले शेंगदाणे सोलत बसलेल्या एका काकांनी दिला, फुकट दिला, आणि मी मागितलेला नसताना दिला. कंपनीने त्याचे फक्त पैसे घेतले.

मला विमानांच्या शर्यती पाहायच्या आहेत. अमेरिकेत नेवाडा राज्यातील रेनो या शहराजवळ १९६४ साली या शर्यती सुरू झाल्या आणि २०२३ पर्यंत तिथेच होत राहिल्या. २०२५ पासून त्या न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे, म्हणजे १९४७ साली उडती तबकडी कोसळल्याच्या वदंतीवर आजतागायत पोट भरणाऱ्या गावी, भरू लागल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील मस्टँग आणि बेअरकॅट यांसारखी पंख्याची विमाने शेजारी शेजारी येतात, पुढच्या विमानातून इशारा मिळाला की सुटतात, आणि जमिनीत रोवलेले खांब डाव्या हाताला ठेवून गिरक्या घेऊ लागतात. रेनोला तर हे खांब म्हणजे टेलिफोनचे खांब असत आणि त्यांच्या डोक्यावर पिंपे बसवलेली असत. विमाने पाच-सहा मजल्यांच्या उंचीवरून जातात आणि सर्वांत वेगवान गटातील विमानांचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास असतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीला कोणी त्या वेगाने वळसा घालून गेल्याची कल्पना करावी, म्हणजे मला काय पाहायचे आहे ते कळेल. सोसायटीच्या सचिवांना ते आवडणार नाही, ही गोष्ट वेगळी.

डॅलसला माझे साडू राहतात आणि डॅलसहून रॉसवेलला विमान जाते, एवढ्या भांडवलावर मी शनिवार-रविवारचा बेत आखला. शुक्रवारी रात्री अकराला मुंबईहून निघावे आणि दोनदा विमान बदलून तीस तासांनी रॉसवेलला उतरावे. घड्याळ साडेअकरा तास मागे गेल्यामुळे तिथे तेव्हा शनिवारची संध्याकाळच झालेली असते. रविवारी अंतिम फेऱ्या पाहून संध्याकाळी परतीला लागावे, की मंगळवारी दुपारपर्यंत मुंबई. साठ तास प्रवास, एक दिवस शर्यत आणि रजा फक्त दोन. हा सगळा हिशेब मी दोनशे पानी वहीत पट्टीने रेघा मारून मांडला होता. तो पाहून बायको म्हणाली, “एवढ्या वेळात कोकणात दोनदा जाऊन येशील.” हे गणित बरोबर निघाले, म्हणून मला जास्त राग आला.

शर्यती भरवणाऱ्यांनी सप्टेंबर महिना निवडताना पंचांग उघडलेले दिसत नाही. सप्टेंबर म्हणजे एक तर गणपती, नाही तर पितृपक्ष. गणपतीत घर सोडता येत नाही आणि पितृपक्षात नव्या कामाला हात लावता येत नाही. त्या रविवारी नेमकी वडिलांची तिथी आली तर रॉसवेलला कावळा कुठून आणणार, असे आईने फोनवर विचारले. साडूंना विचारून सांगतो, असे म्हणून मी फोन ठेवला.

तर दादरचे ते कार्यालय. भिंतीवर स्वित्झर्लंडचा बर्फ, खाली आमरस-पुरीची हमी, माझ्या हातात ४१ क्रमांकाचे टोकन आणि फलकावर चालू क्रमांक १९. शेजारच्या काकांनी पासपोर्ट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवून त्यावर दोन रबरे चढवली होती. आतापर्यंत आपण सत्तावीस देश पाहिले असून त्यांपैकी चार देशांत न्याहारी चांगली होती, असे त्यांनी ओळख होण्यापूर्वीच सांगून टाकले. मग त्यांनी विचारले, “तुम्ही कुठे?”

“अमेरिका.”

“मुलगा असतो?”

“नाही.”

“मग मुलगी. बाळंतपण?”

“नाही हो. शर्यती बघायला.”

इथे ‘विमानांच्या’ हा शब्द माझ्याकडून राहिला. मुंबईत ‘रेस’ या शब्दाला एकच अर्थ आहे, तो १८८३ साली महालक्ष्मीला रेसकोर्स उभा राहिला तेव्हापासून पक्का झालेला आहे, आणि माझ्या लहानपणी चाळीत ‘तो रेसला जातो’ हे वाक्य ‘त्याला क्षय आहे’ याच स्वरात उच्चारले जाई. काकांचा शेंग सोलणारा अंगठा जागीच थांबला.

“माझे एक मेहुणे होते,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “गिरगावात दोन खोल्या. दर रविवारी महालक्ष्मी. आधी पाटल्या गेल्या, मग एक खोली गेली, मग दुसरी गेली, शेवटी शिवणयंत्र गेलं.”

“अरेरे.”

“यंत्र माझ्या बहिणीचं होतं.”

“काका, घोड्यांच्या नव्हे, विमानांच्या शर्यती.”

त्यांनी यावर शांतपणे विचार केला. मला वाटले, सुटलो. पण ते म्हणाले, “मग पैसे कशावर लावतात? विमानावर की पायलटवर?”

मी पैसे लावायला चाललेलो नाही, हे पटवण्यात टोकन क्रमांक १९ ते २४ निघून गेले. पैसे लावायचे नाहीत, ओळखीचे कोणी नाही, बाळंतपण नाही, वाटेत देवस्थान नाही. तरीही मनुष्य जातो, याचा अर्थ तो काहीतरी लपवतो आहे, असा त्यांचा ग्रह झाला. मग त्यांनी उलटतपासणी घेतली. विमाने शर्यतीत कुठून कुठे जातात? मी म्हणालो, कुठेच नाही, जिथून निघतात तिथेच परत उतरतात. प्रवासी किती? प्रवासी नसतात.

“म्हणजे,” काकांनी शेंगांची टरफले चहाच्या कागदी पेल्यात नीट भरत म्हटले, “कुठेही न जाणारी रिकामी विमानं बघायला तुम्ही काही लाख रुपये भरून विमानात बसणार.”

माझ्या छंदाचे इतके बिनचूक वर्णन यापूर्वी कोणी केलेले नव्हते, माझ्या बायकोनेही नाही.

मी घाटकोपरला पश्चिमेला राहतो, हे त्यांना सांगणे ही माझी दुसरी चूक. “अहो, तुमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं उतरतात. गच्चीत खुर्ची टाका, काय फिरायला जाता!” हा विनोद मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. घाटकोपरवरून उतरणारी विमाने एकामागून एक, ठराविक अंतर ठेवून, शिस्तीत येतात आणि एकही विमान पुढच्याला मागे टाकत नाही. ती शर्यत नसून रांग आहे, आणि रांगच पाहायची असती तर मी ती त्या क्षणी फुकट पाहतच होतो.

एव्हाना समोरच्या रांगेतील दोन बहिणी आणि युरोपला निघालेले एक जोडपे आमच्याकडे वळून बसले होते. श्रोते मिळाले की माझे भान सुटते. विमानांच्या शर्यती हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे, हे पटवण्यासाठी मी त्यांना श्नायडर करंडकाची गोष्ट सांगायला घेतली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांची ही शर्यत १९१३ साली मोनॅको येथे सुरू झाली, आणि जो देश ती पाच वर्षांत तीनदा जिंकेल त्याला करंडक कायमचा मिळणार होता. १९३१ साली ब्रिटनची ती तिसरी खेप होती. इटली आणि फ्रान्स यांनी आयत्या वेळी माघार घेतली, ब्रिटनचे विमान एकटेच ताशी सुमारे ५४७ किलोमीटर वेगाने फेऱ्या मारून आले आणि करंडक घेऊन गेले. ते विमान रेजिनाल्ड मिचेल यांनी आखले होते. पुढे महायुद्धात नाव काढलेले स्पिटफायर त्यांच्याच हातचे, असा मला शेवट करायचा होता.

“एकटाच धावला?” काकांनी विचारले.

“एकटाच.”

“आणि पहिला आला.”

दोन्ही बहिणी हसल्या. स्पिटफायर माझ्या घशातच राहिले.

मग मी आपल्या घरचे उदाहरण काढले. १९३० साली आगाखान यांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने विमान उडवून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जेआरडी टाटा कराचीहून निघाले, आणि अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून उलट्या दिशेने निघाला. इजिप्तमध्ये अबूकीरच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली, तर अस्पी इंजिनाच्या स्पार्क प्लगवाचून अडकून बसलेला. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले, तो मार्गाला लागला, आणि जेआरडींच्या काही तास आधी पोहोचून बक्षीस घेऊन गेला. पुढे हाच मुलगा भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. ही गोष्ट सांगताना माझा आवाज दर वेळी जरा भरून येतो आणि परवाही आला. समोरच्या जोडप्यातील बाई “किती छान” असे म्हणाल्याही.

काका म्हणाले, “टाटांना परवडतं हो हरायला.”

नंतर त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला धास्ती होती. “पडतात का?” पडतात. २०११ साली रेनोला शर्यतीतील एक मस्टँग प्रेक्षकांच्या पुढ्यात कोसळले आणि वैमानिकासह अकरा माणसे गेली. मी हे खरे तेच सांगितले, कारण याबाबत थट्टा करण्याचा माझा विचार नव्हता. काका काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त सोललेले चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारले, “घरी सांगितलंय का हे?” घरी सांगितलेले नव्हते. माझ्या दोनशे पानी वहीत त्याला रकाना नव्हता.

खरे सांगायचे तर माझा राग काकांवर नाही. पर्यटनाला जाण्याची मान्यताप्राप्त कारणे आपल्याकडे तीनच आहेत: बाळंतपण, देवदर्शन आणि बर्फ. उणे दोन तापमानात डोंगरावर उभे राहून, एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकून, वर वरण-भात खाऊन परत येणाऱ्या माणसाला ‘पण कशाला?’ असे कोणी विचारत नाही. मी पंचवीस वर्षे नोकरी केली, मुलीचे शिक्षण केले, सोसायटीच्या दुरुस्तीची वर्गणी मुदतीत भरली, आणि आता एक रविवार एका निरुपयोगी गोष्टीसाठी मागतो आहे, तर त्याला कारण दाखवा नोटीस. निरुपयोगी आहे हे मलाही कळते. उपयोगाचे काही पाहायचे असते तर मी धरण पाहायला गेलो असतो.

फलकावर ४१ क्रमांक लागला तेव्हा मी उठलो, आणि माझ्याबरोबर काकाही उठले. त्यांचे टोकन ४४ होते. खिडकीशी बसलेल्या मुलीला ते म्हणाले, “यांचं अजून नक्की नाही, मी यांना समजावलंय. तोवर माझी व्हिएतनामची पावती करून टाक.” तिने ती केली. वीस मिनिटे केली, कारण व्हिएतनामला सकाळी पोहे मिळतील की नाही हे लेखी हवे होते. मी मधल्या काळात काकांची पिशवी धरून उभा होतो. ती त्यांनी माझ्या हातात कधी दिली ते मला आठवत नाही.

माझी पाळी आल्यावर त्या मुलीने संगणकात ‘रॉसवेल’ टाकले, तोंडाचा चंबू केला, आणि म्हणाली, “सर, रॉसवेल आमच्याकडे दाखवत नाही. रोम आहे. चालेल का?” मी चालणार नाही म्हणालो. प्रवासाचे कारण तिने विचारले, तेव्हा मी उत्तर देण्यापूर्वीच समोरच्या रांगेतील दोन्ही बहिणी एका सुरात म्हणाल्या, “रेस.” मुलीने ते टंकले. त्यानंतर तिने माझा मोबाइल क्रमांक घेतला, छपाईयंत्रातून ही पावती काढली, आणि मी ‘सल्ला कोणता?’ असे विचारल्यावर अत्यंत नम्रपणे म्हणाली, “सर, तुम्ही जाऊ नका असं ठरलं ना?”

मी पैसे भरले. का भरले, हे विचारू नये. माझ्या मागे ४२ क्रमांक उभा होता आणि तो चुटक्या वाजवत होता.

काल संध्याकाळी कंपनीचा संदेश आला. ‘आदरणीय सर, आपल्या आवडीनुसार खास निवड: हाँगकाँग, हॅपी व्हॅली येथील जगप्रसिद्ध अश्वशर्यतींसह, पाच रात्री सहा दिवस, रोज मराठी जेवण, जोडीदारास सवलत.’ बायकोने तो माझ्या आधी वाचला आणि दोनच शब्द विचारले, “किती हरलास?” मी १,१८० असे सांगितले, ते तिने खरे धरले. रात्री चौकशी म्हणून मी हॅपी व्हॅलीचे वेळापत्रक काढून पाहिले. तिथल्या शर्यती बहुतेक बुधवारी रात्री असतात, म्हणजे शनिवार-रविवारही साधत नाही.