पेटेल तो पाइप कसला

पाइप ओढणारा माणूस नेहमी विचारात गढलेला दिसतो. त्याचं कारण मला आता कळलं आहे. त्याचा पाइप विझलेला असतो. तो का विझला, तंबाखू जास्त दाबली गेली की ओली होती, परत पेटवला तर जीभ पोळेल का, आणि चारचौघांत पाचवी काडी ओढणं बरं दिसेल का, इतकं सगळं डोक्यात चालू असताना माणूस गंभीर दिसणार नाही तर काय! जुन्या हिंदी सिनेमात नायिकेचे वडील रेशमी गाऊन घालून, तोंडात पाइप धरून जिन्यावर उभे राहत आणि खालच्या गरीब नायकाकडे रोखून बघत. आम्हाला वाटायचं, काय हा खानदानी राग! राग-बिग काही नाही. बिचारे काडेपेटी कुठे ठेवली ते आठवत असणार.

मी या फंदात पडलो तो निवृत्तीनंतर. ऑफिसात माझ्या सहीशिवाय फाइल हलत नसे. घरात मी जरा हललो की बायको म्हणते, "अहो, उठलाच आहात तर कुकरखालचा गॅस बंद करा." वजन वाढवणं भाग होतं. दाढी ठेवून पाहिली, तर ती पांढरीशुभ्र उगवली आणि रिक्षावाले मला "आजोबा, सावकाश" म्हणू लागले. अशात कुठेतरी वाचलं की १९५० साली माँट्रियलच्या पाइपवाल्यांच्या एका क्लबाने आइनस्टाइनना आजीव सभासद करून घेतलं, तेव्हा पाइपमुळे माणसाला शांतपणे आणि तटस्थपणे निर्णय घेता येतो, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले होते. मला सापेक्षतावाद नको होता. कुकरच्या शिट्ट्यांबाबत तटस्थ राहता आलं तरी पुष्कळ होतं.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त कर्नलसाहेब राहतात, मूळचे साताऱ्याकडचे. ते संध्याकाळी गॅलरीत पाइप घेऊन बसले की पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं आपोआप जमिनीलगतचे फटके मारायला लागतात. त्यांना मी माझा बेत सांगितला. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सराव करावा लागेल." मला वाटलं, थट्टा करताहेत.

त्यांच्याच बरोबर कॅम्पातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आधी मक्याच्या बुरकुंडाचा, म्हणजे दाणे काढून उरलेल्या कणसाचा, पाइप काढला. म्हणाला, नवशिक्याला हाच बरा, अमेरिकेत मिझुरीत १८६९ पासून बनवतात, हलका असतो, पहिल्या दिवसापासून नीट ओढता येतो आणि जळला तर जिवाला लागत नाही. कर्नलसाहेबांनी मान डोलावली. पण मक्याचं बुरकुंड तोंडात धरून वजन कसं वाढणार? मी इटालियन, ब्रायर नावाच्या लाकडाचा, किंचित बाकदार, काळ्या दांडीचा पाइप घेतला आणि घरी किंमत निम्मी सांगितली. बुरकुंडाच्या पाइपची हकिगत मात्र आईला खरी सांगितली. तिचं माहेर कराडजवळचं. "बुरकुंडांचा? आमच्याकडं गाडीगाडीनं पडलेली असायची. चुलीत घालायचो. आणि तिकडं विकतात? काय घेतात त्याचे?" मी आकडा सांगितला. आई बराच वेळ काही बोलली नाही. जन्मभर चुलीत घातलेल्या बुरकुंडांचा ती मनातल्या मनात हिशोब करत होती.

आता भरणं. पाइप भरण्याचा जगभरचा दंडक असा की तंबाखूच्या तीन चिमटी घ्याव्यात. पहिली लहान पोराच्या हाताने दाबावी, दुसरी बाईच्या आणि तिसरी पुरुषाच्या. म्हणजे तळाला मोकळी, वर घट्ट. हे मी बायकोला मोठ्या रसाने सांगत असताना ती कणीक तिंबत होती. तिने परातीतून हात काढला, पाइप घेतला आणि दुसरी चिमूट अंगठ्याने अशी दाबली की कर्नलसाहेबांना ती टोच्याने उकरून काढावी लागली. "आता तिसरी तुम्ही दाबा," ती म्हणाली, "पुरुषाच्या हाताने." दाबायला खरं तर टँपर नावाचं छोटं हत्यार मिळतं. मी त्यासाठी चपट्या डोक्याचा चार इंची खिळा वापरतो. कर्नलसाहेब म्हणतात, फौजेत याहून वाईट गोष्टी वापरल्या आहेत.

भरला म्हणजे पेटला असं नाही. पेटवावा लागतो दोनदा. पहिल्यांदा पेटवायचा तो नुसता दिखाव्याचा, कारण ज्योत लागली की वरची तंबाखू फुगून डोकं वर काढते. तिला खिळ्याने हळूच खाली बसवायचं आणि मग खरं पेटवायचं. तेही काडी ओढल्या ओढल्या नाही, डोक्यावरचा गंधक जळून जाऊ द्यायचा, नाहीतर पहिल्या झुरक्याला दिवाळीतल्या टिकल्यांची चव येते. मग ज्योत गोल फिरवायची आणि हलके हलके ओढत राहायचं. एवढं सगळं होईपर्यंत काडी बोटाशी येते. बोट भाजलं की माणूस ओरडतो, ओरडलं की पाइप तोंडातून सुटतो, आणि सुटलेला पाइप झेलायला जो हात पुढे जातो तोच भाजलेला असतो. चौदा वर्षं रुपयाला मिळणारी काडेपेटी डिसेंबर २०२१ मध्ये दोन रुपयांची झाली, तेव्हा मी वर्तमानपत्रात ती बातमी वाचून पान उलटलं होतं. आता वाण्याकडे मी काडेपेट्यांचा पुडाच मागतो आणि तो मला विचारतो, "काय काका, गॅसचा लायटर बिघडलाय का?"

आई गॅलरीतल्या खुर्चीतून हे सगळं बघत असायची. शेवटी एकदा न राहवून म्हणाली, "आमच्या वाड्यावर धनगर यायचा. चिलमीत खडा टाकला, तंबाखू भरली, वर चुलीतला निखारा ठेवला, खाली ओल्या फडक्याची छापी गुंडाळली की झालं. चार गडी ओढून व्हायचे तरी विझायची नाही. तुझं हे काय चाललंय? होम पेटवतोयस का?" मी तिला सांगितलं की ब्रायरचं शास्त्र वेगळं आहे.

आणि इथेच माझ्या पाइपचा दुसरा गुण उघडकीला आला. तो पेटला की मी बोलायला लागतो. पेटलेला राहण्याची मुदत थोडी, त्यामुळे मी घाईघाईने बोलतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी उगवणारं एक झुडूप, त्याच्या मुळाशी लाकडाची गाठ धरते, ती उकळून महिनोन् महिने सुकवतात, म्हणून ती विस्तवाला दाद देत नाही. फ्रान्समधलं सेंत-क्लोद नावाचं डोंगरातलं गाव एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या वर्षांपासून या गाठींवर जगलं. तुर्कस्तानात एस्कीशहीरजवळ पांढरा मऊ दगड निघतो, त्याचे कोरीव पाइप ओढता ओढता मधाच्या रंगाचे होतात. लटाकिया नावाची तंबाखू लाकडाच्या धुरात धुरावतात. हे सगळं मी कुरिअरवाल्याला सांगितलं आहे, गॅसचं मीटर बघायला आलेल्या मुलाला सांगितलं आहे आणि व्याह्यांना फोनवर सांगितलं आहे. व्याही हल्ली फोन विहीणबाईंकडे देतात.

कर्नलसाहेबांनी एका संध्याकाळी त्यांचा खास डबा उघडला. काळपट, जाड कापलेली तंबाखू होती. "ही जड आहे. ओढायची नाही, चाखायची," ते म्हणाले. मी मान हलवली, पण पाइप विझेल या धास्तीने इंजिनासारखे भकाभक झुरके मारत राहिलो. आधी कपाळाला गार घाम आला. मग उचकी लागली. मग गॅलरीचा कठडा सावकाश डावीकडे निघाला. समोर कर्नलसाहेब दोन दिसत होते आणि दोघेही शांत होते. त्यांनी उठून साखरेची वाटी आणली, चमचाभर साखर माझ्या तोंडात कोंबली आणि म्हणाले, "प्रत्येकाचं होतं. खाली बघू नका." बायकोने वरूनच माझी उचकी ओळखली आणि खाली आली. मला हाताला धरून नेताना ती कर्नलसाहेबांना एवढंच म्हणाली, "भाऊजी, यांना घरी बडीशेपसुद्धा जपून देते मी."

अंथरुणावर पडल्या पडल्या मला अकबर आठवला. साधारण १६०४ साली असद बेग नावाचा त्याचा माणूस विजापूरच्या आदिलशाहीतून परतला, तो बरोबर तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊनच. बादशहाने कौतुकाने दोन-तीन झुरके घेतले आणि लगेच हकीम आडवा आला. दरबारात मोठा वाद झाला, बाकीचे सरदार ओढायला लागले, बादशहाने मात्र नाद सोडला. जहांगिराने १६१७ मध्ये बंदीचं फर्मानही काढून पाहिलं. त्याचा काय उपयोग झाला ते कुठल्याही पानटपरीवर दिसतं. तर मुद्दा असा की हिंदुस्थानच्या बादशहालाही पहिल्याच बैठकीत थांबवलं गेलं होतं. त्याच्याकडे हकीम होता. माझ्याकडे बायको होती आणि तिने हकीमही बोलावला.

आमच्या डॉक्टरांना मी ठासून सांगितलं की पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, नुसता तोंडात घोळवून सोडतात. ते म्हणाले, "म्हणजे तोंडात, जिभेवर आणि घशातच ठेवता ना? कॅन्सर तिथेही होतो. त्याला छातीपर्यंत जावं लागत नाही." मग माझा उतरलेला चेहरा बघून जरा विरघळले. "हातात धरायची हौस आहे ना? रिकामा धरा हवा तितका." बायकोने हे वाक्य औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मागितलं.

तरी पाइप साफ करावाच लागतो. दांडीत चिकट तपकिरी पाणी साचतं आणि झुरका घेतला की आतून गुडगुड ऐकू येते. त्यासाठी लोकर गुंडाळलेली बारीक तार मिळते, पाइप क्लीनर. माझे संपले होते. नातीने सांगितलं, "आबा, अप्पा बळवंत चौकात मिळतात, क्राफ्टला लागतात आम्हाला." खरोखरच मिळाले, गड्डीच्या गड्डी, अगदी स्वस्त. फक्त ते गुलाबी होते आणि त्यांना चमचम लावलेली होती. आतून दांडी साफ झाली, पण पुढे बरेच दिवस माझ्या मिशीत चमचम दिसे. उरलेल्या तारांचे नातीने मोर केले आणि बायकोने दोन तारांनी मनी प्लांट खिडकीच्या गजाला बांधला. पाइप घरात आल्यापासून तिने त्याच्याबद्दल काढलेला पहिला बरा शब्द तेव्हाचा: "तारा चांगल्या आहेत."

मग सोसायटीची सर्वसाधारण सभा आली. विषय पुनर्विकास. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००८च्या २ ऑक्टोबरपासून बंदी आहे आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे, त्यामुळे मी हॉलमध्ये विझलेलाच पाइप तोंडात धरून बसलो. घाईत निघालो होतो, दुपारची जळकी तंबाखू आतच राहिली होती. विझलेल्या पाइपची एक अडचण असते. दातांत दांडी धरली की तोंडाला पाणी सुटतं, आणि तोंड उघडलं तर ते शर्टावर येतं. म्हणून मी बोललोच नाही. दुरुस्तीवाला गट आणि पुनर्विकासवाला गट दोन तास एकमेकांवर ओरडत होते. कोणी सहकार कायद्यातलं कलम ७९-अ काढलं, कोणी पुनर्विकासाला लागणाऱ्या संमतीचे ५१ टक्के काढले, कोणी दहा वर्षांपूर्वीच्या पाण्याच्या टाकीचा हिशोब काढला. मी तोंड मिटून छताकडे बघत होतो. हळूहळू असं व्हायला लागलं की प्रत्येक वक्ता वाक्य संपवून माझ्याकडे बघायचा.

दुरुस्तीवाल्यांच्या ठेकेदाराने छातीठोक सांगितलं की वॉटरप्रूफिंग झाल्यापासून इमारत खडखडीत कोरडी आहे. चेअरमन माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, तुम्ही मघापासून ऐकताय. तुमचं काय म्हणणं?" त्याच क्षणी पाइपमध्ये गुडगुड झाली होती. मी तो काढला, वाकडा करून आत बघितलं आणि खिळ्याने टोचलं. माझं सगळं लक्ष तिथेच होतं. "वरून कोरडं दिसतं," मी म्हणालो, "पण तळाशी ओल आहे."

हॉल चिडीचूप झाला. तळमजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या आणि थरथरत्या आवाजात म्हणाल्या, "किती वर्षं सांगतेय मी! माझ्या बेडरूमच्या भिंतीला हात लावून बघा!" मी अजून आत टोचत होतो. "हे असं वरवर पुसून भागणार नाही," मी पुटपुटलो, "पूर्ण मोकळं करून नव्यानेच भरावं लागेल." टाळ्यांचा कडकडाट झाला. पुनर्विकास समितीचा निमंत्रक म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवलं, पाच-सहा जणांनी अनुमोदन दिलं. मागच्या रांगेतून कर्नलसाहेब माझ्याकडे बघत होते. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झाला सराव."

समितीची पहिली बैठक आमच्याच घरी ठेवली. बिल्डरची दोन माणसं लॅपटॉप आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आली होती. बायकोने न सांगता चहा केला, बशीत चिवडा काढला आणि स्वतः आत जाऊन माझा पाइप पुसून आणून दिला. मला भरून आलं. मी काडेपेटीसाठी टेबलावर हात फिरवला, तर ती नव्हती. ती बायकोच्या पदराच्या गाठीत होती.

"विझलेलाच राहू दे," ती कानाशी येऊन म्हणाली. "पेटला की तुम्ही बोलता."