फुकटचं व्याख्यान

आज सोसायटीच्या हॉलमध्ये निवृत्ती नियोजनावर व्याख्यान होतं. मोफत, वर बटाटावडा आणि चहा. वक्ते टाय लावून पंख्याखाली घामाघूम. तासभर स्लाइडवर हसरी म्हातारी जोडपी बघून झाल्यावर मी विचारलं, "इंडेक्स फंडाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत, ते का?" (इंडेक्स फंड म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारा म्युच्युअल फंड.) तर हसले. म्हणाले, "मॅडम, इंडेक्स म्हणजे सरासरी. तुम्हाला सरासरी म्हातारपण हवंय का?" आणि अख्खा हॉल हसला. आपलेच लोक! दोन-चार टाळ्याही पडल्या.

डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

माझ्या मामाला सरासरी म्हातारपण मिळालं असतं तरी मी पेढे वाटले असते. मामा साखर कारखान्यात टाइमकीपर. निवृत्त झाला, पीएफ आणि ग्रॅच्युइटी खात्यात आली आणि आठवड्याच्या आत बँकेतून फोन, "काका, चहाला या की." जन्मात कधी मॅनेजरच्या केबिनमध्ये न बसलेला माणूस हरखून गेला. एफडी करायला गेला आणि विमा पॉलिसी घेऊन आला. वर्षाला एक लाख, दहा वर्षं. ज्याचा पगार बंद झालाय त्याच्या गळ्यात दहा वर्षांचे हप्ते! मामाला वाटलं, पैसे एकदाच भरायचेत.

आता त्या सरासरीबद्दल. निफ्टी या आपल्या निर्देशांकात बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्या असतात. वर्षातून दोनदा यादी तपासतात, मागे पडलेली कंपनी बाहेर जाते आणि वर आलेली आत येते. इंडेक्स फंड तीच यादी त्याच प्रमाणात विकत घेतो. कुणी हुशार साहेब शेअर निवडत बसत नाही, म्हणून खर्च कमी. १९९५ च्या नोव्हेंबरला १,००० धरलेला हा निर्देशांक २०२३ च्या सप्टेंबरमध्ये २०,००० च्या वर गेला, आणि त्यात लाभांश धरलेलासुद्धा नाही. ही तुमची सरासरी. हसा.

"शेअर बाजार म्हणजे जुगार" म्हणणाऱ्यांनी तर बोलूच नये. तुमच्या पीएफच्या नव्या पैशातला एक हिस्सा ईपीएफओ (पीएफ सांभाळणारं सरकारी कार्यालय) २०१५ पासून सेन्सेक्स-निफ्टीच्या ईटीएफमध्येच, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या इंडेक्स फंडातच घालतंय. विचारलंय का कधी?

आणि खर्च म्हणजे किती, तर एकच हिशेब सांगते. महिना १०,००० रुपये, २५ वर्षं. खिशातून गेले ३० लाख. १० टक्क्यांनी वाढले तर साधारण १ कोटी ३३ लाख होतात, ९ टक्क्यांनी वाढले तर १ कोटी १२ लाख. मधला एक टक्का खर्चात गेला, म्हणजे वीस लाखांच्या वर गेले! कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारी माणसं आपण, आणि हे वीस लाख कुणी दरवर्षी थोडे थोडे नेले तर आपल्याला पत्ता नाही. कारण त्याचं बिल येत नाही, परस्पर कापले जातात. निफ्टी फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मध्यस्थाशिवाय थेट घेतलेल्या फंडात, हा खर्च वर्षाला पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. मध्यस्थ असलेल्या सक्रिय फंडात, जिथे साहेब शेअर निवडतात, तो दीड-दोन टक्केसुद्धा असतो. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून आहेत. त्यावर कुणाला कमिशन नाही, म्हणून त्याचं व्याख्यान नाही आणि वडाही नाही. इतकं सोपं आहे.

मामाची ती फाइल माझ्याकडे आहे. गुळगुळीत कागद, आत मुंगीएवढं इंग्रजी, आणि जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारून दिली होती तिथे तिथे मामाची वळणदार मराठी सही. एक फुली चुकवली नाही हो त्याने. दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली तेव्हा मला फोन केला, आवाज असा की जणू गुन्हा त्यानेच केलाय.

बँकेत गेले होते मी त्याच्याबरोबर. भांडायच्या तयारीनेच. पॉलिसी विकणारा मुलगा बदलून गेला होता. त्याच्या जागी आलेला चोवीस-पंचवीसचा असेल. त्याने मामाला पाणी दिलं, खुर्ची सरकवली आणि हळूच मला म्हणाला, "मॅडम, महिन्याला टार्गेट असतं." त्याच्यावर काय ओरडणार? त्याचीही आई घरी ईएमआयचे आकडे मोजत असेल. राग टार्गेट लावणाऱ्यांचा आहे. ते मात्र कधी काउंटरवर दिसत नाहीत.

बरं, निर्देशांक आपटतोही. २०२० च्या जानेवारीत बारा हजारांवर असलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. वर्ष संपायच्या आत पुन्हा नव्या उच्चांकावर गेला, पण तेवढ्यात घाबरून एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) थांबवणारे आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते. अशा वेळी धीर देणारा चांगला एजंट कामाला येतो, मान्य. आणि जपानच्या निक्केई निर्देशांकाला १९८९ चा उच्चांक ओलांडायला २०२४ उजाडलं, तेही मान्य. म्हणून तर साठीला सगळा पैसा बाजारात ठेवायचा नसतो. मामाला आज मी इंडेक्स फंड सांगणारच नाही, त्याच्यासाठी पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना आहे. पण तिशीतल्या टाइमकीपरला महिन्याला पाचशे रुपये असे टाका म्हणून सांगणारं कुणी असायला नको होतं का?

१९७६ मध्ये अमेरिकेत जॉन बोगल यांनी सामान्य माणसासाठी असा पहिला फंड काढला. १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जमले १.१ कोटीच्या आसपास. तेव्हाही लोक 'बोगलचा मूर्खपणा' म्हणून हसले होते. आमच्या हॉलसारखेच!

ज्यांची मुलं यंदा नोकरीला लागली त्यांनी एवढंच बघा. फंडाच्या नावात 'इंडेक्स' आणि 'डायरेक्ट' हे दोन्ही शब्द हवेत, खर्चाचं प्रमाण आणि ट्रॅकिंग एरर (फंड निर्देशांकापासून किती भरकटतो ते) कमीत कमी हवा, एसआयपी पगार झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लावायची, आणि पगार वाढला की तीही वाढवायची. रोज अॅप उघडून बघायचं नाही.

माझ्या मित्रयादीतल्या एजंटांनो, इनबॉक्समध्ये "ताई, एकदा भेटू या" म्हणू नका. जे काय असेल ते इथे सगळ्यांसमोर लिहा, आणि आधी त्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी किती कमिशन मिळतं तो आकडा टाका.